चौदा स्थानं आणि एक हंडा

कॉलेजच्या जिमखान्याच्या फळ्यावरची ती नोटीस मी वरपासून खालपर्यंत वाचली, पण डोक्यात तीनच शब्द शिरले : खंडाळा, जेवण, मोफत. मधे कुठेतरी ‘आध्यात्मिक उन्नती’ असंही होतं. लग्नपत्रिकेवर ‘श्रीकृपेकरून’ असतं तसं तेही छापायचं म्हणून छापलं असणार, असं धरून मी नाव देऊन टाकलं. ‘खेळाडू विद्यार्थ्यांसाठी तपसाधना. ८ ते १० मार्च १९९६. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार.’ तपसाधनेला इंग्रजीत रिट्रीट म्हणतात, आणि लष्करात रिट्रीट म्हणजे माघार. आमच्या कोचना तो शब्द शेवटपर्यंत आवडला नाही.

मी तेव्हा एस. वाय.ला होतो आणि पाच हजार मीटर धावत होतो. पाच हजार म्हणजे चारशेच्या मैदानाला साडेबारा फेऱ्या. शंभर मीटरवाला धावतो तेव्हा लोक उभे राहतात. पाच हजारवाला धावायला लागला की लोक चहा प्यायला जातात, येताना वडापाव घेऊन येतात, आणि हा आपला अजून तिथेच. अशा धावपटूला दोन खोडी जडतात. एक म्हणजे सारखं मोजत बसणं. दुसरी म्हणजे आपण एवढं सोसतो आणि कोणाला त्याचं काही नाही, असं मनातल्या मनात कुढणं. दुसऱ्या खोडीमुळे आपण साधुसंतांच्या बरेच जवळ आहोत, असा माझा समज होता.

घर वसईत. आमच्याकडे उपवासकाळ लागला, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस सुरू झाले, की आई घरात असा चेहरा करून वावरते की भिंतीवरच्या कॅलेंडरलाही काहीतरी चुकल्यासारखं वाटावं. शुक्रवारी मटण वर्ज्य, मासे चालतात. वसईच्या माणसाला मासे खायला लावण्यात कसला आलाय त्याग, हे कोडं मला लहानपणापासून सुटलेलं नाही. पण तपसाधनेला जातो म्हटल्यावर त्या चाळीस दिवसांत पहिल्यांदा आई हसली. हंड्यातलं गार पाणी तिनं पेल्यात ओतून माझ्या हातात दिलं. त्या हंड्याविषयी पुढे सांगावंच लागणार आहे. आत्ता एवढंच सांगतो, की २६ जानेवारीपासून त्यातलं पाणी माझ्या घशाखाली जरा सावकाशच उतरत होतं.

नावं दिली तेव्हा तारखेकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. वर्ल्ड कप चालू होता. ६ मार्चला कानपूरला आपण झिंबाब्वेला हरवलं आणि उपांत्यपूर्व सामना पक्का झाला : ९ मार्च, शनिवार, बंगलोर, समोर पाकिस्तान. जिमखान्यात सुतक पडलं. दोघांना त्याच संध्याकाळी ताप भरला. एकाची आजी वारली. ती माझ्या माहितीप्रमाणे दुसऱ्यांदा. उरलेले आम्ही एकवीस जण, बहुतेक ‘आई काय म्हणेल’ या एकाच खुंट्याला बांधलेले, शुक्रवारी दुपारी पुण्याच्या गाडीत बसलो.

कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. तेवढ्या वेळात वडे घेतले. वार शुक्रवार, वडा बटाट्याचा; दोन्हीकडून निर्दोष. माझ्या शेजारी साताऱ्याकडचा एक गोळाफेकपटू बसला होता. गाडी ढकलणारं इंजिन आतच बसलंय की काय असं वाटावं असा देह. तो ख्रिस्ती नव्हता. नाव देताना त्यानं आमच्या कॉलेजच्या फादरांना ‘मी आलेलं चालंल का?’ असं विचारलं होतं, आणि फादर गहिवरून ‘अरे, देवाला सगळे चालतात’ म्हणाले होते. त्याला नुसतं जेवणाचं विचारायचं होतं.

खंडाळ्याचं ते प्रार्थनागृह म्हणजे दरीच्या तोंडाशी असलेला जुना दगडी बंगला. लोखंडी खाटा, जांभळीची झाडं, आणि दरवाजे असे की हळू लावले तरी पापाची कबुली दिल्यासारखे कण्हतात. तिथं आमचे मार्गदर्शक उभे होते : एक सत्तरी उलटलेले येशूसंघाचे फादर, मूळचे स्पेनचे. तरुणपणी बोटीनं मुंबईला उतरले आणि सगळं आयुष्य ठाण्या-रायगडाच्या पाड्यांवर काढलं. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा अस्सल होतं. मुंबईतल्या कॉलेजातली पोरं ‘ॲक्च्युअली फादर’ म्हणून सुरुवात करायची आणि हे गोरेपान म्हातारे ‘आरं, बस की खाली’ म्हणायचे.

त्यांनी नियम सांगितले. रात्रीच्या जेवणापासून रविवारच्या जेवणापर्यंत मौन. रेडिओ, वॉकमन, वर्तमानपत्र असेल ते टेबलावर ठेवायचं. टेबलावर नऊ ट्रान्झिस्टर जमले. त्यांतला एक बायबलाच्या कव्हरात होता.

मग त्यांनी संत इग्नाशियसची गोष्ट सांगितली, आणि ती सांगण्याची त्यांची रीत अशी होती की आपल्याच गावातला एखादा पैलवान कसा पडला ते ऐकतोय असं वाटावं. हा इग्नाशियस म्हणजे नटवा, भांडखोर सरदार. १५२१ साली पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला. हाड वाकडं जुळलं म्हणून पुन्हा मोडून घेतलं. तरी गुडघ्याखाली एक टेंगूळ राहिलं, आणि तंग बूट घातले की ते दिसेल म्हणून पठ्ठ्यानं तेही करवतीनं कापून घेतलं. तेव्हा भूल नव्हती. आखडलेला पाय लांब व्हावा म्हणून वजनंसुद्धा बांधून घेतली. अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं शूरवीरांच्या प्रेमकथा वाचायला मागितल्या. घरात निघाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. नाइलाजानं तीच वाचली, आणि संत झाला. ‘आता तुमचंबी तसंच हाये,’ फादर टेबलावरच्या नऊ ट्रान्झिस्टरांकडे बघत म्हणाले.

या इग्नाशियसनं पुढे जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच ‘आध्यात्मिक व्यायाम’. १५४८ साली पोपनं त्याला मान्यता दिली. मूळ व्यायाम सुमारे तीस दिवसांचा. आमच्या वाट्याला आलेलं म्हणजे त्याचं वॉर्म-अप. पण पुस्तकाच्या आरंभीच तो म्हणतो की चालणं, धावणं हे जसे शरीराचे व्यायाम, तसे हे आत्म्याचे. हे ऐकलं आणि माझे कान टवकारले. धावणं म्हणाला ना? मग हा आपलाच विषय. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की या तपसाधनेत पहिला नंबर काढायचा.

मौनात पहिला येणं तसं सोपं होतं. स्पर्धक कच्चे होते. जेवताना मीठ मागण्यासाठी लोक ‘श्शू’ करत, ते मी उल्लंघनात धरलं. चपाती हवी असेल तर हात वर करून दोन बोटं दाखवायची असा संकेत आपोआप पडला, आणि ती खूण चर्चमधल्या चित्रांतल्या येशूच्या आशीर्वादासारखी दिसत असल्यामुळे गोळाफेकपटू जेवणभर आम्हा सर्वांना आशीर्वाद देत बसला आहे असं वाटत होतं. त्यानं अकरा खाल्ल्या. रात्री दोन वाजता तो झोपेत स्पष्ट आवाजात ‘म्हशीला पाणी दाव गं’ म्हणाला. मी अंधारात त्याच्या नावावर फुली मारली.

शनिवारी पहाटे पाचला मी बूट हातात घेऊन सटकलो. धावायला बंदी आहे असं कोणी म्हणालं नव्हतं. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता; जुन्या रस्त्यावर ट्रक खोकत चढत होते. मी हातातल्या डिजिटल घड्याळाचं बटण दाबलं आणि सुटलो. पंधराएक मिनिटांनी वळणावर काठी टेकत येणारे फादर दिसले. मला वाटलं, रागावतील. पण त्यांचंही मौन होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि तळहात पुढे केला. मी घड्याळ काढून दिलं. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि काठीनं रस्त्याकडे खूण केली : जा, पळ.

घड्याळाशिवाय धावणं म्हणजे पंगतीत ताट न मांडता बसणं. पहिला किलोमीटर मी श्वास मोजले. मग तेही चुकले. दरीतून कसलातरी उग्र गोड वास येत होता, एक कुत्रं थोडं सोबत आलं आणि कंटाळून परतलं. ती माझ्या आयुष्यातली सर्वांत वेगवान धाव असू शकेल. पुरावा काही नाही.

सकाळच्या प्रवचनात एरिक लिडेल आला. तो येणारच होता. पळणाऱ्या मुलांपुढे बोलायला उभ्या राहिलेल्या कोणाही पाद्र्याला लिडेल टाळता येत नाही. स्कॉटलंडचा धावपटू, १९२४चं पॅरिस ऑलिंपिक, शंभर मीटरची पहिली फेरी रविवारी, आणि रविवार देवाचा म्हणून यानं धावायचंच नाकारलं. मग चारशे धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. त्याच्यावरच्या सिनेमात त्याला हे वेळापत्रक पॅरिसला निघताना बोटीवर कळतं असं दाखवलंय. खरं म्हणजे कित्येक महिने आधी त्याला ते ठाऊक होतं. बाबानं तयारी करून ठेवली होती. मला त्याच्याबद्दल जरा जवळीक वाटली ती या तयारीमुळे. पुढे तो मिशनरी होऊन चीनला गेला आणि १९४५ साली जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत वारला, हे फादरांनी फार हळू सांगितलं. तेव्हा मी खाली पाहिलं. मी रविवारीही धावतो, आणि ते का, तर लोकलला गर्दी कमी असते म्हणून.

त्यानंतर संत पौल. त्यानं करिंथच्या लोकांना लिहिलं होतं, की शर्यतीत धावतात सगळे, बक्षीस एकालाच मिळतं, आणि तेही कोमेजून जाणारा हार. करिंथजवळ मोठे खेळ भरायचे आणि विजेत्याला एका काळात चक्क सुकलेल्या सेलरीचा मुकुट घालत. आमचे उंच उडीवाले गालात हसले. मला हसू आलं नाही. सेलरी निदान कोमेजते तरी, स्टील कोमेजत नाही.

दुपारी अडीचला बंगलोरला नाणेफेक होऊन गेली असणार, आणि खंडाळ्यात एकवीस तरुण डोळे मिटून ‘मी देवापासून कुठे दूर गेलो’ यावर चिंतन करत बसले. आपण नेमके किती किलोमीटर दूर आहोत हे प्रत्येकाला पाठ होतं. अशा वेळी माणसाला तारणहार लागतो. तो स्वयंपाक्याच्या रूपानं आला. स्वयंपाकघरात ट्रान्झिस्टर होता. टेबलावरच्या नऊंपैकी नव्हे, दहावा. मौन स्वयंपाक्याला लागू आहे की नाही याबद्दल नियमात काही नव्हतं, पण तो भला माणूस. तोही खुणांनीच बोलायचा. चहाच्या वेळी त्यानं कपांच्या रांगेत एक बशी उपडी ठेवली. एक गेला. मग आडवा हात फिरवत दोन मुठी कपाळाला लावून डोक्याला फेटा गुंडाळल्यासारखं केलं. सिद्धू उभा आहे. एवढ्या निष्ठेनं मी बायबलचा अर्थसुद्धा कधी लावला नव्हता.

संध्याकाळी क्रुसाची वाट. टेकडीवर चढत जाणारी पायवाट, तिच्यावर थोड्या थोड्या अंतरानं चौदा स्थानं : येशूला शिक्षा होते तिथपासून कबरीत ठेवतात तिथपर्यंत. पुढे एकानं मोठा लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन चालायचं. ‘कोण घेणार?’ अशी खूण फादरांनी करायच्या आत माझा हात वर. नुसता वर नाही, चौदाही स्थानं मीच वाहणार, असं मी बोटांनी सांगितलं. फादरांनी भुवया उंचावल्या.

लांब पल्ल्याच्या धावपटूला फुप्फुसं असतात, मांड्या असतात; खांदे नसतात. क्रूस सागवानी होता. दुसऱ्या स्थानाला माझा चेहरा योग्य तसा वेदनामय झाला, तेव्हा मला तो शोभून दिसत असेल असं वाटलं. तिसऱ्या स्थानाला येशू पहिल्यांदा पडतो. मीही जवळपास पडलो, आणि ते अभिनयाचा भाग म्हणून खपलं. चौथ्याला गुडघे लटपटू लागले. खालच्या गावातून एकदम फटाक्यांची माळ वाजली, मग दुसरी. जडेजा वकारला मारत होता. पंचवीस चेंडूंत त्यानं पंचेचाळीस केल्या, हे नंतर कळलं. आमच्या रांगेतून एक कंप सरकत गेला. प्रार्थनेत एवढी एकाग्रता मी कधी पाहिली नव्हती, फक्त ती कोणत्या दिशेला होती हे सांगता येणार नाही.

पाचवं स्थान. इथं शेताकडून येणाऱ्या सायमन नावाच्या वाटसरूला शिपाई पकडतात आणि येशूचा क्रूस वाहायला लावतात. मी क्रूस टेकवला आणि मान वर करेपर्यंत माझ्या खांद्यावरचं ओझं गेलं होतं. गोळाफेकपटूनं तो उचलून पावसाळी छत्री बगलेत मारावी तसा मारला होता. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. त्याच्या पायांत चपलाही नव्हत्या. त्या त्यानं खालीच काढून ठेवल्या होत्या. त्याचे आजोबा वारीला जातात, देवाच्या वाटेवर पायताण घालायचं नाही एवढंच त्याला माहीत होतं. पुढची नऊ स्थानं तो चालला. मी मागून, रिकाम्या हातांनी, घड्याळ नसलेलं मनगट चोळत. त्या चढावर मला दर स्थानाला फक्त त्याच्या भेगाळलेल्या टाचा दिसत होत्या.

रात्री आराधना आणि सोबत पापनिवेदन. कोपऱ्यातल्या पडद्यामागे फादर, बाहेर बाकावर रांग. माझ्या पुढे सात जण. एकेकाला सरासरी चार मिनिटं धरली तर अठ्ठावीस मिनिटं. तेवढ्यात मी पापांचा क्रम लावून घेतला. सुरुवातीला किरकोळ : आईला उलटून बोललो, मिस्सा चुकवली. शेवटी जरा वजनदार, तरुण वयाला साजेसं. आणि मधोमध, सँडविचमधल्या काकडीच्या चकतीसारखं, दिसेल न दिसेलसं, ते एक.

चॅपलमध्ये मेणबत्त्या, नीरव शांतता. एवढ्यात मागच्या दारात स्वयंपाकी आला. तिकडे आमिर सोहेलनं चौकार मारून प्रसादला बॅटनं सीमारेषा दाखवली होती आणि पुढच्याच चेंडूवर त्याचा स्टंप उडाला होता. ही बातमी खुणांत मावणारी नव्हती. स्वयंपाक्यानं दोन्ही हात हवेत उडवले आणि न राहवून घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘प्रसाद!’

दारालगतच्या बाकावर डुलक्या घेणारा गोळाफेकपटू दचकून जागा झाला, ताठ बसला, आणि डाव्या हातावर उजवा हात ठेवून ओंजळ पुढे केली.

माझी पाळी आली तेव्हा मी हसू दाबण्याच्या प्रयत्नात घामाघूम झालो होतो. गुडघे टेकले, यादी म्हटली. सँडविचचा मधला भाग श्वास न घेता. पडद्यापलीकडे शांतता. मग, ‘त्ये मधलं काय म्हनालास?’

सांगावं लागलं. २६ जानेवारीला आमच्या गावची दौड असते. सहा किलोमीटर. पहिलं बक्षीस स्टीलचा हंडा, दुसरं भिंतीवरचं घड्याळ. त्या दिवशी धुकं होतं. अर्नाळ्याकडचा एक कोळ्याचा पोरगा माझ्यापुढे पन्नास पावलं होता आणि पन्नासची साठ होत चालली होती. रस्ता तिथं मोठा वळसा घेतो, आणि त्या वळशाच्या पोटात माझ्या मामाची केळीची वाडी आहे. लहानपणापासून मी तिथं पाटातून पाणी सोडत आलोय; बांधावरची पाऊलवाट डोळे मिटून चालेन. मी डोळे मिटून नाही, उघडे ठेवूनच आत वळलो. पलीकडे बाहेर पडलो तेव्हा माझ्यापुढे कोणी नव्हतं.

‘किती मीटर वाचलं?’ फादरांनी विचारलं.

पापनिवेदनात अंतर विचारतात याची मला कल्पना नव्हती. ‘दीडशे असेल, फादर.’

‘आणि जिंकलास कितीनं?’

‘चाळीस.’

पडद्यापलीकडे वजाबाकी झाल्याचं मला ऐकू आलं.

‘हंडा त्याला दे.’

मी म्हणालो, फादर, मी दहा रोजऱ्या म्हणतो. वीस म्हणतो. वसईहून माउंट मेरीपर्यंत पायी जातो. ‘पायी गेलास तर तुला मज्याच वाटंल,’ फादर म्हणाले. ‘रोजरी देवाची, ती देवाला दे. हंडा त्या पोराचा, तो पोराला दे.’

‘पण फादर, आईनं त्याच्यावर नाव घालून घेतलंय.’

आता खरी शांतता पसरली. या माणसानं पन्नास वर्षं महाराष्ट्रात काढली होती. भांड्याच्या दुकानातला तो नाव घालणारा, त्याचं ते कर्रकर्र करणारं यंत्र, आणि एकदा उमटलेलं नाव पुसत नाही ही गोष्ट त्यांना इग्नाशियसच्या पुस्तकात कुठेच सापडली नसती, पण ठाऊक होती.

‘लई अवघड हाये,’ ते म्हणाले. आणि पापक्षमा दिली.

रविवारी जेवणाच्या घंटेबरोबर मौन सुटलं आणि एकवीस तोंडांतून एकच प्रश्न फुटला. फादरांनी शांतपणे हात वर केला. ‘एकोणचाळीस धावांनी,’ ते म्हणाले. दहावा ट्रान्झिस्टर कोणाचा होता हे विचारण्याची हिंमत कोणी केली नाही. मग प्रत्येकानं उभं राहून आपल्याला काय मिळालं ते सांगायचं होतं. माझ्या मनात तीन मुद्द्यांचं भाषण तयार होतं. सर्वांत चांगलं ठरलं असतं. पण त्याच वेळी फादरांनी माझं घड्याळ पुढ्यात आणून ठेवलं, आणि मी म्हणालो, ‘मला घड्याळ मिळालं.’ गोळाफेकपटू म्हणाला, ‘जेवण चांगलं व्हतं. टेकडी बी चांगली व्हती.’ त्याला टाळ्या जास्त पडल्या. मी मोजल्या नाहीत, पण जास्त होत्या.

पुढच्या रविवारी मी हंडा रिकामा केला. आईनं विचारलं, कुठे नेतोस? मी म्हणालो, कल्हई करून आणतो. स्टीलच्या हंड्याला कल्हई! पापाचं परिमार्जन करायला निघालेला माणूस उंबऱ्यातच दुसरं पाप करून बसला. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की तपसाधनेचा डोक्यावर परिणाम झाला असावा, आणि गप्प राहिली.

सायकलच्या कॅरिअरला हंडा बांधून मी अर्नाळ्याला गेलो. रस्त्यात तीन जणांनी विचारलं, टँकर कुठे आलाय? त्या मुलाचं घर शोधायला वेळ लागला नाही. अंगणात बोंबील वाळत होते आणि त्याची आई जाळं उकलत बसली होती. मी सगळं सांगितलं. एकदा कबुली दिलेली असली की दुसऱ्यांदा सोपी जाते म्हणतात. तसं काही नसतं.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘कुठून गेलास?’

‘मामाच्या वाडीतून.’

‘तिथं कुत्रा असतो ना?’

‘ओळखतो मला.’

त्यानं मान हलवली. कुत्र्याचा मुद्दा त्याला पटलेला दिसला. त्याच्या आईनं मात्र हंडा हातात घेतला, उजेडात धरला, आणि त्यावरची अक्षरं एकेक करून वाचली : माझं पूर्ण नाव, प्रथम क्रमांक, २६-१-९६. हंडा तिनं पुन्हा कॅरिअरवर ठेवला. ‘दुसऱ्याच्या नावाचं भांडं घरात ठेवू? लोक म्हणतील, चोरून आणलं.’

‘पण मावशी, चोरलंय ते मी—’

‘तुझं तू बघ. घड्याळ पण परत मिळायचं नाही. चांगलं चाललंय.’

तोडगा त्या मुलानं काढला. ओहोटी होती, वाळू घट्ट होती. किनाऱ्यावर त्या टोकाच्या होडीपर्यंत जाऊन परत यायचं. वाडी नाही, वळसा नाही, धुकं नाही. मी पॅण्ट दुमडली. त्याच्या आईनं भिंतीवरचं घड्याळ खाली काढून मांडीवर घेतलं आणि जाळ्यापाशी बसली. अशा इतमामाची वेळनोंद मला पुढे विद्यापीठाच्या स्पर्धेतही मिळाली नाही. मी जीव तोडून धावलो आणि साठ पावलांनी हरलो. किती वेळ लागला ते मावशींनी सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं ते एवढंच, की तुम्ही दोघं परत येईपर्यंत मांजरानं एक बोंबील नेला.

आता हंडा त्याचा झाला, पण नावाचा प्रश्न तसाच. तो म्हणाला, ‘राहू दे तुझ्याकडेच. मी पळायला येतो तिकडे. तहान लागली की येईन.’

तो यायला लागला. अजूनही येतो, आता पळत नाही, स्कूटरवरून येतो. आई त्याला पेला देते, तो म्हणतो, मी घेतो मावशी, आणि स्वतःच हंड्यातून ओतून घेतो. पिऊन झालं की हंडा थोडा फिरवून नावाची बाजू भिंतीकडे करून ठेवतो. तो फाटकाबाहेर गेला की आई पदरानं हंडा पुसते आणि नाव पुन्हा बाहेर काढते.